रझांचा बिंदू आणि आमचा नुक्ता

सय्यद हैदर रझा हे नाव निघाले की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, हा माणूस मुसलमान असून त्याने बिंदू, पंचतत्त्व, प्रकृती-पुरुष असलेच विषय रंगवले. त्यात आपले काय आहे? दुसरे चित्रकलेचे थोडेफार जाणकार असतात. ते म्हणतात, रझा आधी फार सुंदर निसर्गचित्रे काढत. पुढे निसर्ग सोडला आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन काढत बसले. पहिल्यांची तक्रार धर्माची, दुसऱ्यांची भूमितीची. दोन्ही तक्रारी चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेल्या चित्राकडे पाहून केलेल्या आहेत. ते चित्र घडले कसे, चित्रकाराने काय ठेवले आणि काय गाळले, याची चौकशी फारसे कोणी करत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. गणितात नुसत्या उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत, मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात, हे आम्ही मुलांना रोज सांगतो. तोच नियम रझांच्या चित्रांना लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू. पायऱ्या तपासल्यावर आमचे मत असे झाले आहे की रझांनी समोरचा देखावा सोडला, निसर्ग मात्र शेवटपर्यंत धरून ठेवला. देखावा आणि निसर्ग यांतला हा फरक आपल्या लक्षात आला, तर रझांविषयीची भांडणे बरीचशी मिटतील. आपल्या शाळांतल्या चित्रकलेच्या तासाचेही काहीतरी भले होईल.

पहिली पायरी रानातली आहे. रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा, आजच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या खेड्यातला. वडील सय्यद मोहम्मद रझी जंगल खात्यात डेप्युटी रेंजर. त्यामुळे बालपण नर्मदेच्या मुलखात, दाट रानात गेले. रात्र पडली की रान अंगावर येई. गोंडांचा नाच रंगला तर जिवात जीव येई. सकाळ झाली की पुन्हा सुरक्षित वाटे आणि बाजाराच्या दिवशी उन्हात सारे गाव रंगांनी भरून जाई, अशा आठवणी रझांनी पुढे अनेकदा सांगितल्या आहेत. या आठवणींत झाडांची नावे फारशी नाहीत, पानांचे आकार नाहीत. काळोख आहे, उजेड आहे, भीती आहे, दिलासा आहे. पुढे सत्तर वर्षे रझांनी जे रंगवले त्याचा कच्चा माल हाच होता, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी शाळेतली, आणि आम्हा शिक्षकांना ती विशेष जवळची. ककैया गावच्या प्राथमिक शाळेत नंदलाल झारिया नावाचे गुरुजी होते. हैदरचे लक्ष वर्गात टिकत नसे. गुरुजींनी एक दिवस त्याला थांबवून घेतले, भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितले. ही गोष्ट रझांनी इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता दंतकथेसारखी झाली आहे. लोक त्यातून बिंदूचे तत्त्वज्ञान काढतात. आम्हाला त्यात आधी एक शिक्षक दिसतो. अवधान कसे टिकवावे यावर बी.एड.च्या वर्गात आम्ही पानेच्या पाने लिहिली. झारिया गुरुजींनी खडूचा एक ठिपका वापरला. त्या मुलाला त्यांनी चित्र काढायला शिकवले नाही, बघायला शिकवले. चित्रकलेत बघणे आधी येते आणि हात नंतर येतो, हे आजही अनेक शाळांना पटलेले नाही.

नागपूरच्या कलाशाळेत १९३९ ते १९४३ आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९४३ ते १९४७ असे रझांचे रीतसर शिक्षण झाले. म्हणजे घडणीची वर्षे त्यांनी नागपूर-मुंबईत काढली. या अर्थाने ते आपल्या मुलखाचेही चित्रकार ठरतात. मुंबईत ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी होती. उरलेल्या वेळात ते शहर रंगवत. ही चित्रे जलरंगातली आहेत. पावसातले फ्लोरा फाऊंटन त्यांनी १९४५ मध्ये रंगवले. जलरंगाची रीत अशी की कागद ओला असतानाच रंग सोडायचा. तो पसरतो, कडा विरघळतात आणि चित्रकाराला पटकन निर्णय घ्यावा लागतो. पावसाळी मुंबईला हे माध्यम शोभून दिसले. कडेला उभे राहून, समोर बघून, भराभर काढायचे आणि जे दिसले ते पकडायचे, हा त्या काळातला रझांचा रियाज. त्यात हात तयार झाला, रंगाची समज आली. १९४८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदकही मिळाले. तेवढ्यावर थांबले असते तरी रझा एक लोकप्रिय निसर्गचित्रकार म्हणून सुखाने जगले असते.

पण त्या दोन वर्षांत बरेच काही घडले. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे आणि रझा यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. यातले हुसेन पंढरपूरचे, गाडे विदर्भातले. त्याच सुमारास आधी आई आणि मग वडील वारले. फाळणी झाली आणि भावंडे पाकिस्तानात गेली. धाकटे भाऊ अली इमाम पुढे कराचीतले नामवंत चित्रकार झाले. रझा गेले नाहीत. ज्या घरात, ज्या रानात परत जायचे ते घर एकाएकी उरले नाही. आपल्यापैकी अनेक घरांना हा अनुभव नवा नाही. रझांच्या बाबतीत त्याचा परिणाम चित्रावर झाला, असे आम्हाला वाटते. जे समोर होते ते फक्त आठवणीत राहिले, आणि आठवण रंगवायची तर समोर बघून भराभर काढण्याची रीत पुरणार नव्हती.

१९४८ मध्ये ते काश्मीरला गेले आणि तिथे पुष्कळ काम केले. श्रीनगरमध्ये त्यांची फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी भेट झाली. चित्रे पाहून ब्रेसाँ यांनी सांगितले ते साधारण असे होते: तुझ्यात प्रतिभा आहे, पण चित्रांना बांधणी नाही, इमारतीला पाया, भिंती, छत लागते तसे चित्रालाही लागते, सेझानची चित्रे अभ्यास. दुसऱ्या कोणाला याचा राग आला असता. रझांनी मुंबईत येऊन फ्रेंच शिकायला घेतले आणि फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९५० च्या ऑक्टोबरात पॅरिस गाठले. मेडल मिळालेल्या, नाव झालेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हायचे ठरवले. तालीम या शब्दाचा खरा अर्थ यात आहे.

पॅरिसमध्ये १९५० ते १९५३ अशी तीन वर्षे ते एकोल दे बोझार्त या कलाशाळेत शिकले. त्या काळातली चित्रे पाहावीत. १९५१ चे ‘ओ द कान्य’ हे त्यातले प्रसिद्ध. फ्रान्सच्या दक्षिणेतले डोंगरावरचे गाव आहे, पण तिथे बसून काढलेला देखावा हा नाही. घरे एकमेकांना चिकटून रचलेली आहेत, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ, रस्त्यात माणूस नाही. याच वर्षांतल्या काही चित्रांत आकाशात काळा सूर्य आहे. मुंबईच्या जलरंगात ओघळणारा रंग इथे बंद खोलीत, मोजूनमापून बसवला आहे. ब्रेसाँ यांनी सांगितलेली इमारत रझांनी अक्षरशः बांधली. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो काळा गोळा. बिंदू १९८० च्या आसपास आला असे सगळे सांगतात; पण गडद वर्तुळ घरांवर लटकलेले तीस वर्षे आधीच दिसते. त्या वेळी त्याचे नाव सूर्य होते, एवढेच.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर रझा तैलरंगाकडे वळले आणि बांधलेले घर पुन्हा मोडायला सुरुवात झाली. रंगाचा जाड थर, नाइफने ओढलेला, एकावर एक. घरे, झाडे, चर्चचे मनोरे अजून ओळखू येतात, पण कडा पेटल्यासारख्या झाल्या आहेत. १९५६ मध्ये त्यांना फ्रान्समधला ‘प्री द ला क्रितिक’ हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. १९५९ मध्ये जानीन मोंजिया या फ्रेंच चित्रकर्तीशी त्यांनी लग्न केले. पुढे गोर्बिओ या दक्षिण फ्रान्समधल्या डोंगरी खेड्यात दोघांचे उन्हाळ्यातले घर आणि स्टुडिओ झाला. पॅरिस आणि गोर्बिओ, शहर आणि खेडे, अशी कामाची विभागणी पुढे कित्येक दशके चालली.

१९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकवायला गेले असता तिथली नवी चित्रकला त्यांनी जवळून पाहिली. मार्क रॉथकोच्या चित्रांनी आपल्याला नवी दारे उघडून दिली, असे ते म्हणत. रॉथकोच्या मोठ्या कॅनव्हासवर वस्तू नसते. दोन-तीन रंगांचे पट्टे असतात आणि पाहणारा त्यांच्यासमोर गप्प होतो. रझांनी हळूहळू तैलरंग सोडून ॲक्रिलिक घेतले. वाचकांना हा तपशील किरकोळ वाटेल, पण स्टुडिओत त्याने फार फरक पडतो. तैलरंगाचा थर सुकायला दिवसचे दिवस लागतात. चित्रकार थांबतो, खरवडतो, पुन्हा लावतो. ॲक्रिलिक थोड्या वेळात सुकते. ओल्यावर ओले लावून धूसर करणे अवघड, पण सुकल्या थरावर लगेच दुसरा स्वच्छ थर देता येतो. रंग उजळ राहतात, क्षेत्रे वेगवेगळी राहतात. पुढच्या बिंदूचित्रांतली ती स्पष्ट कड, तो तापलेला लाल आणि खोल काळा यांना या माध्यमाची साथ आहे. तत्त्वज्ञान कितीही मोठे असो, ते शेवटी डब्यातल्या रंगाच्या स्वभावाप्रमाणेच कॅनव्हासवर उतरते.

आता मधली पायरी, जी सहसा वगळली जाते. ‘तपोवन’ १९७२ चे आणि ‘ला तेर’ म्हणजे जमीन, या नावाचे एक चित्र १९७३ चे. या काळातल्या चित्रांत गाव गेले आहे, घर गेले आहे, झाडही गेले आहे. उरले आहे काळ्या-तपकिरी अंधारात धगधगणारे काही, जळत्या शेकोटीसारखे. हे काय आहे? बाबरियाची रात्र आहे. चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेले रान, हजारो मैलांवरच्या बंद खोलीत, आठवणीने रंगवलेले. समोर गोर्बिओचे ऑलिव्ह आणि दऱ्या होत्या, खिडकी उघडली की निसर्गच निसर्ग होता. तरी चित्रकार तिकडे पाठ करून उभा आहे. निसर्ग सोडला म्हणणाऱ्यांनी ही चित्रे पाहावीत. चित्रात निसर्ग इतका दाट याआधी कधी झाला नव्हता, कारण आता मधे देखावाच राहिला नव्हता.

इथून बिंदू फार लांब नाही. सत्तरीच्या दशकात रझा वारंवार भारतात येऊ लागले, राजस्थान-सौराष्ट्रात फिरले, मध्य प्रदेशात गेले. परत गेल्यावर ते अनुभव गाळत राहिले. १९८१ चे ‘माँ’ हे चित्र या गाळण्याचे फळ आहे. मोठा काळा बिंदू, बाजूला रंगांचे पट्टे आणि खाली देवनागरीत हिंदी कवितेची ओळ. १९८३ चे ‘सौराष्ट्र’ हे दोन मीटर लांब-रुंद चौरसाचे. त्यात कप्पे आहेत, पण कप्प्यांतला लाल, केशरी, मातकट रंग अजून ब्रशच्या फटकाऱ्यांनी थरथरतो आहे. बांधणी पॅरिसची, ताप सौराष्ट्राच्या उन्हाचा. आमच्या मते रझांची सर्वोत्तम चित्रे याच दहा-पंधरा वर्षांतली आहेत, कारण त्यांत जलरंगाचा वेग, सेझानची बांधणी आणि रानातल्या रात्रीची आठवण या तिन्ही पायऱ्या एकदम दिसतात. २०१० मध्ये लंडनच्या लिलावात ‘सौराष्ट्र’ सोळा कोटींहून अधिक रुपयांना गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी आकडा छापला. या पायऱ्या कोणी छापल्या नाहीत.

काळ्या रंगाविषयी रझांचे म्हणणे होते की तो सर्व रंगांची आई आहे. बाकीचे त्यातून निघतात. काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा हे पाच रंग त्यांनी पंचमहाभूतांशी जोडले. बिंदूला ते बीज म्हणत, ‘अंकुरण’ असे नावही चित्राला देत. हे वाचून एखाद्याला वाटेल की सगळे पोथीतले आहे. मराठवाड्यातल्या माणसाने तरी असे म्हणू नये. आपण जमिनीला काळी आई म्हणतो. मृगात काळ्या रानात सरकी टोचली की चार-सहा दिवसांनी जे वर येते, ते पाहायला बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला संस्कृत लागत नाही. काळा चौकोन, त्यात एक गोल बी, आणि वर येणाऱ्या रेषा. रझांचे चित्र उलगडायला आपल्या शेताचा बांध पुरतो.

पहिल्या तक्रारीचे, म्हणजे यात आपले काय याचे, उत्तरही इथेच द्यावे. रझांनी बिंदू भारतीय दर्शनातून घेतला, ते त्यांनी लपवले नाही. त्यांना तसे करण्याचा हक्क होता आणि त्यात शरमेचे काही नाही. पण पाहणाऱ्याचाही एक हक्क असतो. आम्ही रोज पहिलीच्या मुलांना नुक्ता शिकवतो. एकच होडीसारखा आकार. खाली एक नुक्ता दिला तर बे, तीन दिले तर पे, वर दोन दिले तर ते. नुक्ता वरचा खाली आला तर ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो, हे तर उर्दू वाचणारे प्रत्येक घर जाणते. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न मुकला या वजीर-खत्तातने अक्षरांची मापे ठरवली ती नुक्त्यावरून. बरूच्या टोकाने उमटणारा तिरका ठिपका हे एकक, आणि अलिफ किती नुक्त्यांचा उंच, बाकीची अक्षरे त्याच्याशी किती प्रमाणात, असा हिशोब. म्हणजे आपल्या खुशखतीची सारी इमारत एका ठिपक्यावर उभी आहे. रझांनी इब्न मुकलाचा विचार केला होता असा आमचा दावा नाही. पण लहानपणापासून नुक्त्याचे मोल जाणणारी नजर रझांच्या बिंदूसमोर परकी ठरत नाही, हे आम्ही खात्रीने म्हणू. रेषेआधी ठिपका असतो आणि तो चुकीच्या जागी पडला तर सगळा अर्थ फिरतो. तख्तीवर आणि कॅनव्हासवर नियम एकच.

कुदरतीकडे पाहण्याची आपली परंपराही लहान नाही. बादशहा जहांगीरने १६२० मध्ये काश्मीरचा वसंत पाहिला. तिथली शंभराहून अधिक फुले उस्ताद मन्सूरने रंगवली, असे त्याने आपल्या तुझुकमध्ये नोंदवले आहे. याच मन्सूरला त्याने ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब दिला. १६२१ मध्ये दरबारात झेब्रा आला तेव्हा त्याचे पट्टे मन्सूरने असे टिपले की आजचा प्राणिशास्त्रज्ञही त्यात खोट काढणार नाही. तसवीर जायज की नाजायज, हा वाद उलेमांचा आहे. झाडापानांच्या चित्राला त्यांच्यापैकी बहुतेकांनी हरकत घेतलेली नाही, एवढे सांगून आम्ही पुढे जातो. मन्सूर आणि रझा ही दोन टोके आहेत. मन्सूर फूल समोर ठेवून, एका केसाच्या कुंचल्याने पाकळीची शीर न शीर काढतो. रझा फूल, झाड, डोंगर सगळे दूर करून त्यांच्या मुळाशी काय आहे ते शोधतात. एकाचा रियाज डोळ्याचा, दुसऱ्याचा आठवणीचा. पण मन्सूरच्या पायरीवरून न जाता कोणी थेट रझांच्या पायरीवर उडी मारू नये. रझांनीही मारली नव्हती. आधी काही वर्षे त्यांनी रस्त्यात उभे राहून पावसाची मुंबई रंगवली होती.

याच काळातले अकबर पदमसी यांचेही उदाहरण घ्यावे. मुंबईच्या खोजा कुटुंबातले, जे. जे.चेच विद्यार्थी. १९७० च्या सुमारास त्यांनी ‘मेटास्केप’ ही चित्रमालिका सुरू केली. सूर्य आणि चंद्र एकाच आकाशात, खाली कुठलाही पत्ता नसलेले डोंगर-पाणी. याची प्रेरणा कालिदासाच्या शाकुंतलाच्या नांदीतून आली; तिथे सूर्य-चंद्रांची नावे न घेता काळ घडवणारी दोन रूपे म्हणून उल्लेख आहे. दोघे मुसलमान घरातले, दोघांनी निसर्गाचे नाव-गाव पुसले, दोघांनी संस्कृत परंपरेतून उचलले. तरी पदमसींचे डोंगर रझांसारखे दिसत नाहीत. पदमसींना सूर्य-चंद्रात काळ दिसला, रझांना काळोखात बीज दिसले. एका देशातली मालमत्ता वाटून घेण्याऐवजी दोघांनी ती वापरली. आपल्या समीक्षेने यातून थोडे औदार्य शिकावे.

आता जे खटकते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही कव्वाली होईल. नव्वदच्या दशकानंतर रझांचा बिंदू पुष्कळदा स्वतःचीच नक्कल करतो. कड अधिक काटेकोर होते, ब्रशची थरथर निघून जाते, क्षेत्रे छापल्यासारखी सपाट होतात. काही चित्रे तक्त्यासारखी वाटतात. वर लिहिलेले शब्द चित्राचे काम करू पाहतात. ‘माँ’मध्ये ओळ चित्रातून उगवल्यासारखी आहे, नंतरच्या कित्येक कॅनव्हासवर शब्द वरून ठेवल्यासारखा आहे. जे शोधून सापडले होते ते पाठ झाले, असे आम्हाला वाटते. रियाज आणि पाठांतर यांतली सीमा मोठ्या उस्तादांनाही नेहमी सांभाळता येत नाही. ही चित्रे बाजाराने मात्र दोन्ही हातांनी घेतली. २००९ मध्ये दिल्लीत रझांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, उद्घाटनाला स्वतः रझा गेले आणि भिंतीवरची चित्रे आपली नाहीत हे त्यांच्याच लक्षात आले. प्रदर्शन गुंडाळावे लागले. वरच्या आकाराची नक्कल करता येते. रात्रीच्या भीतीपासून कॅनव्हासपर्यंतचा रस्ता दुसऱ्याला चालता येत नाही, आणि जाणत्या नजरेला ते लगेच कळते. हा रस्ता रझांनी मात्र अखेरपर्यंत सोडला नाही. २००२ मध्ये जानीन गेल्या. २०१० च्या अखेरीस, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी रझा दिल्लीत कायमचे राहायला आले आणि शरीर थकल्यावरही कॅनव्हाससमोर बसत राहिले.

हे सगळे बीडच्या वाचकाला का सांगायचे? कारण नक्कल हा आपल्या वर्गातला रोजचा प्रश्न आहे. कोणत्याही शाळेतल्या मुलाला निसर्गचित्र काढ म्हणा. तो ‘सिनरी’ काढतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, नागमोडी नदी, कौलारू घर, आकाशात चार-पाच पक्षी आणि नारळाचे झाड. बीड जिल्ह्यातल्या मुलाच्या चित्रात नारळ! बालाघाटाचे डोंगर त्रिकोणी नाहीत. माथा सपाट, कडा तुटलेली, उतारावर सीताफळीची झुडपे, आणि उन्हाळ्यात सारा रंग बदामी. बीड शहरातून बिंदुसरा वाहते. नावातच बिंदू घेऊन वाहणारी नदी, आणि मुलाच्या कागदावर मात्र कुठल्यातरी कॅलेंडरातली निळी नदी. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचे अभयारण्य आहे, आणि मोर काढायचा तर मूल पुस्तक उघडते. दोष मुलाचा नाही. त्याला ठिपक्याकडे बघत बस असे कोणी सांगितलेले नाही. बहुतेक लहान शाळांत चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक नसतो. तो तास राहिलेल्या गणितात किंवा स्नेहसंमेलनाच्या तयारीत जातो.

आम्ही वर्गात एक साधी गोष्ट करतो. मुलांना बाहेरच्या लिंबाखाली नेतो. पेन्सिल नाही, कागद नाही. दहा मिनिटे फक्त बघायचे: खोड कुठे फुटते, सावली कुठे पडते, दोन फांद्यांमधल्या मोकळ्या जागेचा आकार कसा आहे. मग वर्गात येऊन, झाडाकडे पाठ करून काढायचे. पहिल्या दिवशी पुन्हा तेच छत्रीसारखे झाड येते. दोन-चार वेळा केले की कागदावर वाकडे खोड येऊ लागते, तुटलेली फांदी येते, पारावर टेकवलेली सायकल येते. झाड ओळखू येते, कारण ते कॅलेंडरातले नसून आमच्या शाळेतले असते. खर्च काही नाही. रझांच्या स्टुडिओची रीत एका तासात बसवायची तर ती अशी बसते: आधी बघणे, मग आठवणे, मग गाळणे.

आठवणीची ही रीत आपल्या जिल्ह्यातल्या काही मुलांना फार लवकर शिकावी लागते. दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. फडावरच्या कोपीत सहा महिने काढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे गाव नसते. ते त्याच्या आत असते. असे मूल परत येऊन पुन्हा वर्गात बसते तेव्हा आपण त्याला फळ्यावरची सिनरी उतरवायला लावतो. ज्याच्याकडे सांगण्यासारखे आहे, त्याला नारळाचे झाड काढायला लावणे हा अन्याय आहे. पॅरिसमध्ये बसून रझा जे रान आठवत होते, त्याहून या मुलाची आठवण कमी दाट नाही. त्याला फक्त कागद हवा आहे आणि ‘तुझे काढ’ म्हणणारा कोणीतरी.

रझांचे मूळ चित्र पाहायचे तर मुंबई-दिल्ली गाठावी लागते. २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले तेव्हा जगाने ती चित्रे एकत्र पाहिली. आपल्या हाती छापील पाने असतात. तेवढीही पुरतील, जर आपण त्यांतला गोल न उतरवता त्यामागच्या पायऱ्या मोजल्या. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत रझांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले. ते आपले होते की त्यांचे, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. उर्दू शाळेतल्या शिक्षकांना आमची विनंती एवढीच आहे की उद्याचा चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका. फळ्यावर सिनरीही काढू नका. खडूने एक नुक्ता द्या आणि मुलांना थोडा वेळ गप्प बसू द्या.